गाडी उंच करायची, पण नेमकी किती आणि कुठून?

पाणंदीत गाडीच्या पोटाला दगड लागला की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो गाडी दोन इंच उंच करून घेण्याचा. गॅरेजवालाही लगेच तयार होतो, कारण काम अर्ध्या दिवसाचं असतं. पण नेमकं काय आणि कुठे घासलं हे न बघता वाढवलेली उंची बहुतेक वेळा भलत्याच जागी मिळते. मागच्या चाकांमधल्या आडव्या कवचाचा, म्हणजे हाउसिंगचा, गोळा दगडावर आपटत असेल, तर स्प्रिंग कितीही वाढवा, तो गोळा एक मिलिमीटरही वर येत नाही. त्याची उंची टायर ठरवतो.

हे नीट समजायला गाडीचे दोन भाग मनात वेगळे करा. वरचा भाग म्हणजे चासी, इंजिन, बॉडी, डिझेलची टाकी, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी). हा सगळा स्प्रिंगवर बसलेला असतो. खालचा भाग म्हणजे चाकं, हब आणि सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असेल तर त्याची अख्खी हाउसिंग. सस्पेन्शन उंच करणं म्हणजे या दोन भागांमधलं अंतर वाढवणं. त्याने बंपर, पायदान, टाकी, सायलेन्सर, ट्रान्सफर केस वर जातात. मागचा डिफरन्शियलचा गोळा (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारे गिअर यात असतात), पाट्यांच्या म्हणजे लीफ स्प्रिंगच्या यू-बोल्टची टोकं आणि शॉकचे खालचे ब्रॅकेट होते तिथेच राहतात. नव्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक सुटं हलणारं) आहे आणि पुढचं डिफरन्शियल चासीला धरलेलं आहे, म्हणून ते चासीबरोबर वर जातं. मागे सलग अ‍ॅक्सल आहे, तिथला गोळा जागचा हलत नाही. जिप्सी आणि जिम्नी या दोन्हींना पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, त्यामुळे दोन्ही गोळे जिथल्या तिथे.

गोळा वर आणायचा तर टायर मोठा लागतो, आणि मिळतो तो वाढीच्या निम्माच. २४५/७५ आर१६ या मापाच्या टायरचा व्यास साधारण ७७४ मिमी भरतो आणि २६५/७५ आर१६ चा ८०४ मिमी. व्यासात ३० मिमी वाढ झाली, म्हणजे गोळा १५ मिमी वर आला. त्यासोबत स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा जवळजवळ ४ टक्के कमी दाखवू लागतो, गिअर लांबल्यासारखे वाटतात आणि ब्रेकला तेवढं जड चाक थांबवावं लागतं. एवढं करून १५ मिमी. म्हणून गोळ्याच्या बाबतीत खरा उपाय बहुतेकदा चालवण्यातच असतो: ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत चाकं न सोडता एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं चाकोरीच्या बाहेरच्या कडेवर ठेवून जाणं.

तेव्हा पहिलं काम गाडीखाली झोपण्याचं. टॉर्च घेऊन खाली शिरा आणि ताजे ओरखडे शोधा. जुना घाव गंजून तपकिरी झालेला असतो, नवा चकाकतो. प्रत्येक ताज्या घावाला खडूने खूण करा. बंपरच्या खालच्या कडेला खुणा असतील तर अडचण चढाच्या सुरुवातीला येते. पायदानाला आणि ट्रान्सफर केसखालच्या आडव्या पट्टीला असतील तर गाडी माथ्यावर पोटावर टेकते. टो-हुकला असतील तर ओढ्यातून बाहेर पडताना शेपटी घासते. या तिन्ही गोष्टी उंचीने सुधारतात. बाकीच्यांसाठी जाड पत्र्याची स्किड प्लेट स्वस्त आणि निर्धोक पडते.

पोटावर टेकण्याचं गणित दोन चाकांमधल्या अंतरावर फार अवलंबून असतं. थारचा व्हीलबेस २४५० मिमी आहे, हायलक्ससारख्या पिकअपचा ३०८५ मिमी. दोघांचं पोट जमिनीपासून २८० मिमीवर आहे असं धरलं, तर ढोबळ हिशेबाने थार सुमारे २६ अंशांचा माथा ओलांडते आणि पिकअप २१ अंशांवरच अडकते. थारची बरोबरी करायची तर पिकअपला आणखी ७० मिमीहून जास्त उंची लागेल. शेजाऱ्याच्या थारला ४० मिमी पुरले म्हणून आपल्या पिकअपलाही पुरतील असं नसतं. आणि पिकअपला ७० मिमी देण्यापेक्षा तो माथा तिरका ओलांडणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं.

चाकाची वर-खाली धाव

उंचीपेक्षा महत्त्वाचा शब्द आहे ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली किती धावू शकतं ते. गाडी सपाटीवर उभी असताना चाक मधे कुठेतरी असतं. तिथून वर, बंपस्टॉपच्या रबराला टेकेपर्यंतची जागा म्हणजे वरची धाव. तिथून खाली, शॉक पूर्ण ताणला जाईपर्यंतची जागा म्हणजे खालची धाव. खड्डा आला की चाक खाली जातं, दगड आला की वर. खालची धाव संपली की चाक हवेत लटकतं. ओपन, म्हणजे लॉक नसलेल्या, डिफरन्शियलमध्ये लटकलेलं चाक नुसतं गरगरतं आणि गाडी जागची हलत नाही.

आता हे गणित बघा. एखाद्या पुढच्या चाकाची एकूण धाव १८० मिमी आहे, कंपनीने ती ९० वर आणि ९० खाली अशी वाटली आहे. शॉक आणि आर्म (चाकाला चासीशी जोडणारे दांडे) तेच ठेवून गाडी ४० मिमी उंच केली, तर वर १३० झाले आणि खाली ५०. एकूण १८० च राहिले. तुम्ही नवी धाव विकत घेतली नाही, खालची उचलून वर ठेवली. मोठे दगड लांघताना पोट वाचेल, पण साध्या खड्ड्यातसुद्धा चाक लवकर हवेत जाईल. खालची धाव परत मिळवायची तर लांब शॉक लागतो, आणि लांब शॉक आला की आर्मचे कोन, बॉल जॉइंट (आर्म आणि हबमधला फिरता सांधा), सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणाऱ्या दांडीचा वाकता सांधा), ब्रेकचा होज यांना तेवढं खाली जाता येतं का हे बघावंच लागतं.

टॉर्शन बार: एक बोल्ट फिरवला की उंची

२०१० ते २०२० मधल्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार आहेत आणि मागे पाटे. टॉर्शन बार म्हणजे चासीला समांतर जाणारी पोलादी दांडी. तिचं एक टोक चाकाच्या आर्मला आणि दुसरं आडव्या मेंबरमधल्या अ‍ॅडजस्टरला अडकलेलं असतं. चाक वर गेलं की दांडी पिळली जाते, तोच तिचा स्प्रिंग. अ‍ॅडजस्टरचा बोल्ट आवळला की चासी वर उचलली जाते. नवा सुटा भाग नाही, खर्च नाही, म्हणूनच ही सोय सर्वात जास्त बिघडवली जाते.

एक गैरसमज आधी काढून टाकू. बोल्ट आवळल्याने दांडी कडक होत नाही. तिचा कडकपणा तिच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो, तो तेवढाच राहतो. तरीही आवळल्यावर गाडी दणकते, कारण खालची धाव संपत आलेली असते. प्रत्येक खड्ड्यात आर्म खालच्या स्टॉपवर खटकन आपटतो आणि तो आवाज, तो झटका स्प्रिंग कडक झाल्यासारखा वाटतो.

समायोजन करायचं ते असं. गाडी सपाट कोब्यावर, टाकी अर्धी, टायरमधली हवा चारही बाजूंना ठरलेली. मडगार्डच्या कमानीच्या कडेपासून हबच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर चारही चाकांना मोजून लिहा. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, कारण मग टायरची हवा आणि झीज मापात येते. मोजण्याआधी बंपरवर तीन-चार वेळा दाब देऊन गाडी हलवा आणि पाचेक मीटर पुढे-मागे घ्या. जॅकवरून उतरवलेल्या गाडीची चाकं आतल्या बाजूला खेचलेली असतात, ती लोळल्याशिवाय मोकळी होत नाहीत आणि माप दहा-पंधरा मिमी जास्त येतं.

मग आडव्या मेंबरखाली जॅक लावून दोन्ही पुढची चाकं उचला, चासीखाली घोड्या लावा. बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारलेलं बरं. बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी मेंबरवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. ही रेघ म्हणजे परतीची वाट. चाकावर वजन असताना बोल्ट फिरवू नका: दांडीचा सगळा पीळ त्या आट्यांवर असतो, आटे चिरडतात आणि मग तो बोल्ट ना आवळतो ना सुटतो. दोन्ही बाजूंना एक-एक पूर्ण फेरा द्या, गाडी उतरवा, हलवा, लोळवा, मोजा. एका फेऱ्याला किती मिमी मिळाले ते कळलं की पुढचे फेरे मोजून देता येतात. दोन्ही बाजूंच्या उंचीत ५ मिमीपर्यंतचा फरक चालतो. चालक एकटा असेल तर त्याची बाजू थोडी बसतेच, पण ती भरून काढण्यासाठी एका बाजूचा बोल्ट तीन फेरे जास्त देऊ नका. गाडी तिरकी उभी राहत असेल तर आधी मागचे पाटे बघा. पुष्कळदा मागच्या एका बाजूचा पाटा बसलेला असतो आणि त्याचा तिरपेपणा पुढे कोपऱ्यात दिसतो.

थांबायचं कुठे? आमच्या मते मूळ मापापेक्षा २५ मिमीवर. त्यापुढे सीव्ही जॉइंटचा कोन वाढत जातो. चाक पूर्ण लटकलेलं असताना रबर बुटाच्या घड्या बाहेरच्या बाजूने ताणून सपाट झालेल्या आणि आतल्या बाजूने एकमेकींवर घासताना दिसल्या, तर उंची जास्त झाली आहे. असा बूट काही महिन्यांत घडीवर चिरतो. त्याची पहिली खूण रिमच्या आतल्या बाजूला आणि आर्मवर उडालेल्या काळ्या ग्रीसच्या शिंतोड्यांची रेघ. त्या टप्प्यावर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. पावसाळ्यातला एक ओढा त्या चिरेतून आत गेला की मग जॉइंटच बदलायचा.

पाटे

जुन्या थारला आणि पिकअपला मागे, आणि जिप्सीला पुढेसुद्धा, उंची पाट्यांत असते. चार वाटा आहेत आणि चारींचा स्वभाव वेगळा.

सर्वात चांगली वाट म्हणजे जास्त कमानीचे, नीट पाणी दिलेले नवे पाटे. जुनेच पाटे ठोकून कमान वाढवून घेणं स्वस्त पडतं, पण नुसतं गार ठोकलेलं पोलाद काही महिन्यांत पुन्हा बसतं. दुसरी वाट जादा पाटा घालण्याची. त्याने उंची येते आणि कडकपणाही वाढतो. पिकअपमध्ये रोज ३००–४०० किलो माल असेल तर हे बरोबर, रिकामी फिरत असेल तर मागचा भाग उड्या मारत राहतो आणि चढावर चाकं पकड सोडतात. तिसरी लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी. शॅकल ५० मिमी लांब केली की गाडी साधारण २५ मिमीच वर येते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. जिप्सीच्या पुढच्या बाजूला हे केलं की अ‍ॅक्सल पुढे कलंडतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो आणि हायवेवर स्टिअरिंग सैल, भरकटल्यासारखं होतं. चौथी वाट पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे लोखंडी ब्लॉक ठेवण्याची. पाटा अ‍ॅक्सलच्या वर बसवलेला असेल तर मागे, ५० मिमीपर्यंत आणि एकसंध ब्लॉक असेल तर ठीक. पुढच्या अ‍ॅक्सलला ब्लॉक कधीच नको: जोरात ब्रेक मारल्यावर पुढचा अ‍ॅक्सल पिळला जातो, ब्लॉकची उंची तो पीळ वाढवते आणि ब्लॉक निसटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. दोन ब्लॉक एकावर एक ठेवणं तर मागेसुद्धा नको.

यू-बोल्ट एकदा ताणून आवळले की लांबतात. पाटे सोडले की यू-बोल्ट आणि नट नवेच घाला. आवळताना चारही नट कोपरा-कोपऱ्याने, थोडे थोडे, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: पाट्याच्या आणि आर्मच्या रबर बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाकं लटकलेली असताना आवळले तर बुशचं रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली उतरली की कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. नवे बुश लवकर गेले अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

कॉइल आणि स्पेसर

नवी थार, जिम्नी आणि पिकअपच्या पुढच्या बाजूला कॉइल असतात. इथे दोन प्रकारचे स्पेसर विकले जातात आणि दुकानात दोघांना एकाच नावाने हाक मारतात. पहिला स्ट्रटच्या (कॉइल आणि शॉक यांच्या जोडसंचाच्या) वरच्या प्लेटवर, बाहेरून बसतो. स्प्रिंग आहे तशीच राहते, अख्खा स्ट्रट खाली सरकतो. स्प्रिंग आर्मच्या मधे कुठेतरी टेकलेली असल्याने वर घातलेले २५ मिमी चाकापाशी ४० मिमीच्या आसपास होतात. म्हणजे दोन इंच उंची हवी म्हणून दोन इंची स्पेसर घालणारा माणूस गाडी तीन इंचांहून जास्त उचलून बसतो. शिवाय चाक पूर्ण खाली गेल्यावर बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट कंपनीने ठरवलेल्या हद्दीबाहेर जातात, आणि पूर्ण वर गेल्यावर बंपस्टॉप टेकायच्या आधीच शॉक आतून आपटू शकतो.

दुसरा स्पेसर स्प्रिंगच्या बैठकीवर, आत बसतो. तो स्प्रिंगला आधीच दाबून ठेवतो. यात शॉकची लांबी तीच राहते, म्हणून जॉइंट हद्दीत राहतात, पण खालची धाव टॉर्शन बारसारखीच खाल्ली जाते. दोन्हींपेक्षा गाडीच्या खऱ्या वजनाला जुळणारी स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा शॉक हा संच चांगला. महाग आहे, पण त्यात उंची, कडकपणा आणि धाव हे तिन्ही एकत्र विचारात घेतलेले असतात.

जिम्नीसारख्या सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत आणखी दोन गोष्टी येतात. अ‍ॅक्सल धरणारे आर्म खाली झुकले की कॅस्टर जातो, अंदाजे २५ मिमीमागे एक अंश. तो कॅस्टर करेक्शनच्या बुशने परत आणावा लागतो. आणि चाकांची जोडी बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड झुकल्यामुळे अख्खा अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. समोरून पाहिलं तर एका बाजूचा टायर मडगार्डबाहेर जास्त दिसतो. लांबी बदलता येणारा रॉड घालून तो मधे आणायचा.

वजन आधी ठरवा

स्प्रिंग निवडण्याआधी गाडीवर कायमचं काय चढणार आहे ते ठरलेलं हवं. पुढच्या लोखंडी बंपरचं आणि विंचचं (अडकलेली गाडी ओढणाऱ्या चरखीचं) वजन मिळून ८० किलो आहे आणि ते पुढच्या अ‍ॅक्सलच्या ६०० मिमी पुढे लटकलंय असं समजा. थारच्या व्हीलबेसवर तराजूचा हिशेब केला तर पुढच्या अ‍ॅक्सलवर ८० नव्हे, १०० किलो वाढतात आणि मागचा अ‍ॅक्सल २० किलोने हलका होतो. पुढच्या प्रत्येक चाकावर ५० किलो. चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा ३० न्यूटन प्रति मिमी धरला तर नाक साधारण १६ मिमी बसतं. म्हणजे २५ मिमी उंची देणारा संच घातला आणि वर विंच चढवला, तर हाती ९ मिमी उरले. अशा वेळी आणखी उंच स्पेसर नको, एक पायरी कडक स्प्रिंग हवी. उलट, विंच पुढच्या वर्षी घेऊ म्हणून आजच कडक स्प्रिंग घातली तर वर्षभर गाडी नाक वर करून चालते आणि ओल्या घाटात पुढची चाकं वळायला कुरकुरतात.

जमीन तशी मांडणी

सह्याद्रीतले ओढे, कातळाच्या पायऱ्या, मोठ्या दगडगोट्यांची वाट: इथे वेग चालण्याचा असतो. चाक जमिनीला चिकटून राहणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून खालची धाव जास्त हवी, अंदाजे ४० टक्के वर आणि ६० टक्के खाली. उंची माफक, स्प्रिंग मऊ, टायर १८–२० पीएसआयवर. अँटिरोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक सोडता येत असेल तर ओढ्याशी सोडा आणि डांबरावर येताना आठवणीने जोडा.

वेगाने कच्चे रस्ते कापायचे असतील, म्हणजे राजस्थानातल्या किंवा लडाखमधल्या लांब पट्ट्यांत, तर हिशेब उलटा. तिथे चाक वर आपटतं, म्हणून वरची धाव ६० टक्क्यांपर्यंत न्यावी आणि पैसे उंचीत न घालता शॉकमध्ये घालावेत. पन्हाळी, म्हणजे आडव्या लाटा पडलेल्या, रस्त्यावर शॉक तासाभरात हात लावता येणार नाही इतका तापतो. तेल पातळ होऊन फेसाळतं, आणि उतारावर गाडी तरंगायला लागते. मोठ्या व्यासाचा किंवा वेगळ्या तेलकुपीचा शॉक त्यासाठीच असतो.

वाळूत उंचीचा उपयोग थोडा, हवेचा फार. १५–१६ पीएसआयवर टायर पसरतो आणि गाडी तरंगते. मात्र असा टायर गाडीला १०–१५ मिमी खाली आणतो, ते धरून चाला. आपल्याकडच्या समुद्रकिनाऱ्यांवर गाडी नेण्याचा मोह टाळाच. गोव्यात तर त्याला बंदी आहे, आणि कासवांची घरटी वाळूखाली असतात, ती गाडीतून दिसत नाहीत. तोच विचार पावसाळ्यातल्या सड्यांचा, म्हणजे कातळाच्या पठारांचा. बोटभर मातीवर उगवलेली झाडं एका चाकोरीने वर्षानुवर्षं जातात.

काळ्या मातीच्या चिखलात गाडी अडते ती बहुधा गोळा आणि अ‍ॅक्सल चिखलात रुतल्यामुळे. तिथे सस्पेन्शनच्या उंचीने काही साधत नाही. खोल खाचांचा, अरुंद टायर आणि न थांबता एकसारखा दाबलेला पाय, एवढंच कामी येतं.

उंचीची किंमत

समजा, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिमीवर आहे आणि दोन चाकांमधली रुंदी १५२० मिमी. उभी गाडी बाजूला कलंडवत नेली तर कागदावर ती ४७ अंशांना उलटते. ५० मिमी उंच केली की गुरुत्वमध्य सुमारे ४० मिमी वर जातो, कारण चाकं आणि अ‍ॅक्सल जागेवरच असतात. आता ती ४६ अंशांना उलटेल. फरक लहान वाटतो. पण १८०० किलोच्या गाडीच्या टपावर १९०० मिमी उंचीवर ६० किलोचा तंबू आणि कॅन चढवले तरी गुरुत्वमध्य जवळजवळ तितकाच वर जातो. दोन्ही एकत्र केले की ४४. आणि हे सगळे आकडे उभ्या, ताठ गाडीचे. चालत्या गाडीत खालच्या बाजूची स्प्रिंग दबते, टायर दबतो, एखादं चाक दगडावर चढतं आणि खरा आकडा कितीतरी खाली येतो. म्हणून सस्पेन्शन वाढवलंय त्या गाडीच्या टपावर जड सामान नको. पाण्याचे कॅन आत, सीटमागे, जमिनीलगत.

ब्रेकची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बऱ्याच पिकअपमध्ये आणि जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो. गाडी उंच केली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मग तो मागचे ब्रेक कमी करतो, भरलेल्या गाडीतसुद्धा. घाटात उतरताना पुढचे ब्रेक एकटे तापत राहतात. उंचीइतकाच उंच ब्रॅकेट लावून दांडीचा मूळ कोन परत आणायचा, दांडी वाकवून नाही.

बाकीचं भराभर. हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातील. व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर स्टिअरिंगच्या सेन्सरचं शून्य पुन्हा बसवून. मागच्या अ‍ॅक्सलचा ब्रीदर पाइप (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) आणि हँडब्रेकची केबल ताणलेली नाही ना ते बघा. ४०–६० च्या वेगाला बुडाखालून घरघर येऊ लागली तर प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसचा कोन बिघडला आहे. पाट्यांच्या गाडीत पाचरीची पट्टी घालून तो दुरुस्त होतो.

कारखान्यात बसवलेल्या एअर सस्पेन्शनकडे पाहिलं की उंचीची तडजोड स्वच्छ दिसते. लँड रोव्हर डिफेंडर ऑफ-रोडला ७५ मिमी वर उचलते आणि फारच अडलं तर आणखी ७० मिमी. पण वेग वाढला की ती स्वतःच खाली बसते. स्पेसर घातलेल्या गाडीला ही सोय नाही. द्रुतगती मार्गावरही ती तितकीच उंच असते, म्हणून चालवणाऱ्याने वेग आणि वळण त्या हिशेबाने धरायचं.

कायद्याचं स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांवर मर्यादा घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत काहीही करण्याआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. कंपनीचा मान्यताप्राप्त संच असेल तर त्याचं बिल आणि कागद गाडीत ठेवा. विम्याचा दावा अडतो तो अपघातानंतर, तेव्हा उत्तर शोधायला वेळ नसतो.

काम झाल्यावरची परीक्षा

गाडीचं एक पुढचं चाक ३५–४० सेंटिमीटरच्या भक्कम उंचवट्यावर चढवा, मागचं विरुद्ध बाजूचं चाकही तसंच. हँडब्रेक, पहिला गिअर, लो रेंज, टेकलेल्या चाकांना उटी. एकाने स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण फिरवायचं. दुसऱ्याने बाहेर उभं राहून, गाडीखाली न शिरता, टॉर्चने बघायचं: लटकलेल्या चाकाचा ब्रेक होज तारेसारखा ताणला आहे का, एबीएसची वायर कुठे अडकते का, दाबलेल्या चाकाचा टायर आतल्या लायनरला किंवा बंपरच्या कोपऱ्याला लागतो का. कॉइल असेल तर लटकलेल्या बाजूला ती बैठकीतून सैल झालेली नाही ना. होज ताणलेला दिसला तर त्या गाडीने दुसऱ्या दिवशी कुठेही जायचं नाही, लांब होज येईपर्यंत.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, आर्म आणि शॉकचे सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, मग ५०० ला पुन्हा. प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढून ठेवली तर सैल झालेला नट वाकून बघताच कळतो. उंचीही तेव्हाच परत मोजा. नवी स्प्रिंग पहिल्या महिन्यात ५ ते १० मिमी बसते, म्हणून अंतिम अलाइनमेंट त्यानंतर एकदा करून घ्यावी.

शेवटी शॉकच्या चकचकीत दांडीला, शॉकच्या अंगाला टेकवून, एक बारीक प्लास्टिकचा केबल टाय सरकेल इतपत बांधा. ज्याची दांडी झाकलेली आहे त्या शॉकला झाकण वर सरकवून. मग नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या सामानासह, नेहमीच्या वेगाने गाडी फिरवून आणा. शॉक जिथवर दबला तिथवर टाय दांडीवर सरकून थांबतो. तो बंपस्टॉपच्या जागेपासून ४० मिमी अलीकडेच राहिला असेल तर तुमच्या चालवण्याला एवढी वरची धाव लागतच नाही, गाडी १५–२० मिमी खाली आणून तेवढी धाव खाली देता येईल. तो दर फेरीला टोकाला जाऊन बसत असेल तर आधी वजन कमी होतं का ते बघा, मग स्प्रिंगचा कडकपणा, आणि उंची त्यानंतर.